सॅटेलाइट टोल आला तर मुंबईत नेमकं काय बदलेल?

तिसरी_लेन

'पुढच्या एक तारखेपासून फास्टॅग बंद, सगळा टोल सॅटेलाइटवरून कापणार' हा मेसेज तुमच्याही सोसायटीच्या ग्रुपवर येऊन गेला असेलच. मागे १ मे २०२५ ही तारीख घालून तो इतका फिरला की १८ एप्रिलला केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाला खुलासा करावा लागला, की देशभर उपग्रह टोल लावण्याचा असा कोणताही निर्णय झालेला नाही. निवडक नाक्यांवर फास्टॅग आणि नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे मिळून दांडा नसलेली व्यवस्था येईल, एवढंच त्यात होतं. तरी मेसेज काही मरत नाही.

मी गाड्यांना ट्रॅकर बसवण्याच्या धंद्यात आहे. डबे बसवायचे आणि ते बंद पडले की शिव्या खायच्या, असं एकंदर काम. म्हणून जे माहीत आहे ते एकदा लिहून टाकतो.

उपग्रह तुमच्या गाडीकडे बघत नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. तो फक्त 'मी इथे आहे आणि आत्ता इतके वाजलेत' असा सिग्नल सतत खाली सोडत असतो. तुम्ही घरी रेडिओ लावलात हे आकाशवाणीला कळत नाही, तसंच. गाडीतला डबा, म्हणजे ओबीयू, चार किंवा जास्त उपग्रह ऐकून आपण कुठे आहोत याचं गणित स्वतः मांडतो. मग ते नकाशाशी जुळवून कोणत्या रस्त्यावर किती किलोमीटर झाले ते ठरतं आणि हा हिशेब आतल्या सिमकार्डावरून सर्व्हरला जातो. उपग्रह नसेल तर हिशेब चुकतो, पण मोबाइलचा टॉवर नसेल तर हिशेब पोचतच नाही. डबा तो साठवून ठेवतो आणि रेंज आली की पाठवतो.

फास्टॅगचं उलट आहे. तो बॅटरी नसलेला स्टिकर. नाक्यावरच्या अँटेनाच्या लहरींवरच तो जागा होतो आणि आपला नंबर सांगतो. तो नंबर नाक्याच्या बँकेकडून एनपीसीआयकडे (बँकांमधले व्यवहार जोडणारी संस्था), तिथून तुमच्या बँकेकडे. त्याला तुम्ही एका ठिकाणाहून गेलात एवढंच कळतं. ओबीयूला अख्खी वाट कळते. फरक हाच आहे आणि भांडणही त्यावरूनच होणार आहे.

नियमात काय आहे? सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियमांत दुरुस्ती झाली. चालू ओबीयू असलेल्या गाडीला दिवसाला प्रत्येक दिशेला २० किलोमीटरपर्यंत शून्य टोल, त्याच्या पुढे गेलात तर प्रत्यक्ष कापलेल्या अंतराचा. प्रयोगासाठी बंगळुरू-म्हैसूर आणि पानिपत-हिसार हे दोन रस्ते घेतले होते.

आता मुंबईकरांसाठी खरी मेख. हे नियम राष्ट्रीय महामार्गांचे आहेत. आपण ज्या रस्त्यांवर टोल भरतो ते बहुतेक राज्याचे. सी लिंक आणि मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे एमएसआरडीसीचे (राज्याचं रस्ते विकास महामंडळ), अटल सेतू एमएमआरडीएचा (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण). म्हणजे उद्या दिल्लीने उपग्रह टोल लावला, तरी वांद्र्याहून वरळीला जाणाऱ्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. विरारपुढे खानिवडे किंवा नाशिकच्या वाटेवर पडघ्याला पोचेपर्यंत तुम्ही त्या नियमात शिरतच नाही.

माझं मत विचाराल तर टोल कापायचं तंत्र आणि वाहतूक हलवायचं तंत्र या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि आपल्याकडे पहिलं दाखवून दुसरं विकलं जातं. तुमचं काय?

मुलुंडचा_बाळू

एकदम बरोबर. आम्ही आनंदनगर नाक्याचे जुने गिऱ्हाईक. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्री दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली, वाशी अशा पाचही नाक्यांवर हलक्या गाड्यांचा टोल माफ झाला. कारचे ४५ रुपये वाचले. पेढे वाटले लोकांनी.

आता सकाळी आठला येऊन बघा. पैसे घेत नाहीत, पण नाका आहे तिथेच आहे. बूथ, मधली सिमेंटची बेटं, वरचं छत, सगळं जागेवर. चार लेनचा रस्ता नाक्यापाशी फुगतो आणि पुढे पुन्हा चार लेनचा होतो. म्हणजे गाड्या आधी पसरणार आणि मग परत एकमेकींच्या अंगावर येणार. त्यात अवजड गाड्यांचा टोल चालूच, म्हणून ट्रेलरवाला शेवटच्या पन्नास मीटरवर डावीकडचा बूथ पकडायला तिरका घुसतो. मागचे सगळे ब्रेकवर. हँडहेल्ड मशीन घेतलेला पोरगा दोन ट्रकच्या मध्ये उभा, टॅग वाचला जात नाही म्हणून काचेवर मशीन घासतोय. मागे अँब्युलन्सचा भोंगा.

यात सॅटेलाइट काय करणार? बुलडोझर पाहिजे.

अनघा_ऐरोली

+१ बुलडोझरला. दहिसरचा नाका हलवायची चर्चा २०२५ मध्ये झाली ना, तेव्हा पलीकडच्या लोकांनी विचारलं की मग आमच्याकडे का आणताय? हलवून कोंडी संपत नाही, पत्ता बदलतो.

न्हावाशेवा_ट्रान्सपोर्ट

आम्ही अवजडवाले, तेव्हा आमचंही ऐका. कारवाल्यांचा टोल गेला, आमचा गेला नाही. सारखं 'टोलमुक्त मुंबई' वाचून हसू येतं.

तिसरी_लेन साहेब, तुम्ही नियम सांगितलात पण त्यातली एक ओळ राहिली. ती २० किलोमीटरची सूट नॅशनल परमिटच्या, म्हणजे देशभर माल वाहायचा परवाना असलेल्या, गाड्यांना नाही. साफ लिहिलंय. माझ्या सगळ्या गाड्या नॅशनल परमिटच्या. म्हणजे डबा आधी आमच्या गाडीला लागणार, कारण कुठेही सुरुवात ट्रकपासूनच करतात, आणि सूट मात्र ज्याच्या गाडीला डबा शेवटी लागेल त्याला.

वार्षिक पासचंही तेच. १५ ऑगस्ट २०२५ ला ३,००० रुपयांत २०० फेऱ्यांचा पास आला, तो फक्त खाजगी कार, जीप, व्हॅनला. आम्ही रस्ता जास्त वापरतो, मान्य. रस्ता झिजवतो, तेही मान्य. पण ठोक गिऱ्हाइकाला सूट देतात की किरकोळ गिऱ्हाइकाला?

टॅगचं दुखणं वेगळंच. मागे एका गाडीचा टॅग कागदपत्रं अपडेट नाहीत म्हणून बँकेने ब्लॅकलिस्टमध्ये टाकला. खात्यात शिल्लक होती. ड्रायव्हर नाक्यावर उभा, मागे रांग, मी इकडे फोनवर 'तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' ऐकतोय. नियम असा की टॅग वाचला जाण्याआधी साठ मिनिटांहून जास्त ब्लॅकलिस्टमध्ये असेल आणि वाचल्यावर दहा मिनिटांत सुधारला नाही, तर व्यवहार नाकारायचा. दुप्पट भरून गाडी काढली. माल वेळेवर पोचला नाही तर शिपिंग लाइन माझं ऐकून घेत नाही.

आता विचार करा, नाक्यावर निदान समोर माणूस असतो. डबा बिघडला आणि त्याने चुकीचा हिशेब पाठवला, तर मी कुणाच्या काचेवर टकटक करू?

तिसरी_लेन

नॅशनल परमिटची ओळ तुम्ही आणलीत ते बरं झालं, ती या विषयाच्या गाभ्यातली आहे.

डबा बिघडला तर काय, याचं उत्तर जर्मनीत बघण्यासारखं आहे. तिथे ट्रकचा उपग्रह टोल १ जानेवारी २००५ ला सुरू झाला. आधी ठरला होता ऑगस्ट २००३ ला. तंत्र जमेना म्हणून वर्ष-सव्वा वर्ष लांबला आणि सरकार व कंपन्यांच्या गटाचं भांडण पुढे कैक वर्षं चाललं. सुरुवातीला १२ टनांच्या वरचे ट्रक, २०१५ मध्ये साडेसात टन, जुलै २०२४ पासून साडेतीन टनांच्या वरचे. म्हणजे वीस वर्षांत हळूहळू खाली आले. खाजगी कारला अजून लावलेला नाही.

तिथे डबा फुकट मिळतो, तो टोल कंपनीच्या मालकीचा असतो, बसवायचा खर्च मालकाचा. आणि डबा नको असेल किंवा बंद पडला असेल तर ॲपवर आधी मार्ग टाकून पैसे भरता येतात. ही दुसरी वाट ठेवलेली आहे, ते फार महत्त्वाचं. आपल्याकडे दुसरी वाट म्हणजे दुप्पट पैसे. नोव्हेंबर २०२५ पासून राष्ट्रीय महामार्गावर यूपीआयने भरलं तर सव्वापट एवढी सवलत झाली, रोखीला मात्र तेव्हा दुप्पटच ठेवलं.

आणि गंमत बघा, इतकं उपग्रहाचं असूनही तिथे रस्त्यावर कमानी आणि खांब आहेतच. कॅमेरे आहेत, फिरती पथकं आहेत. ज्याने डबा बंद ठेवलाय त्याला पकडायला उपग्रहाचा काही उपयोग नाही, त्याला रस्त्यावरच गाठावं लागतं. उपग्रह टोल म्हणजे रस्त्यावरचं सगळं सामान जाणार असं कुणी सांगितलं तर हसा आणि पुढे जा.

सिग्नलसखी

मला वाटेची भीती वाटते, पैशांची नाही. अख्खी वाट कळते म्हणालात ना, ती कुठे राहते? किती दिवस? कोण बघू शकतं?

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये खाजगीपणा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला. पण त्यात सरकारी यंत्रणांना सूट द्यायची दारं आहेत. माझी गाडी मंगळवारी दुपारी कुठल्या दवाखान्याच्या गल्लीत उभी होती हे महामार्गाच्या ठेकेदाराला कशाला हवंय?

हा प्रश्न आजचा नाही बरं का. हाँगकाँगने १९८३ ते १९८५ मध्ये गाड्यांखाली इलेक्ट्रॉनिक पट्टी बसवून रस्ता-शुल्काचा प्रयोग केला होता. तंत्र चाललं. लोकांना मात्र सरकार आपल्या मागावर राहील असं वाटलं आणि तो गुंडाळावा लागला. तेव्हा ना मोबाइल होते ना गूगल.

वरळी_सीफेस

ताई, तुमच्या खिशातला फोन आधीच सगळं सांगतोय. दवाखान्याची गल्ली गूगलला माहीत आहे, 'कसा होता अनुभव, रेटिंग द्या' म्हणून विचारतं सुद्धा. मग टोलवाल्यालाच का घाबरायचं?

सिग्नलसखी

@वरळी_सीफेस, फोन मी घरी ठेवू शकते. लोकेशन बंद करू शकते. ओबीयू बंद केला तर तो गुन्हा ठरणार. आणि गूगल मला चलान पाठवत नाही.

तिसरी_लेन

इथे दोन रचना आहेत. एकात डबा कच्च्या जागा पाठवतो आणि हिशेब सर्व्हरवर होतो. दुसऱ्यात हिशेब डब्यातच होतो आणि बाहेर जाते ती फक्त 'अमुक रस्ता, इतके किलोमीटर, इतके पैसे' अशी ओळ. दुसरा डबा महाग पडतो, पहिला स्वस्त. निविदेत कुठला निवडतात यावर सखीताईंचा प्रश्न सुटतो किंवा बिघडतो, आणि ती निविदा कुणी वाचत नाही. जर्मनीत टोलचा डेटा दुसऱ्या कुठल्याही कामाला वापरायचा नाही हे टोलच्या कायद्यातच लिहिलंय, पोलिसांनाही नाही. आपल्याकडे अशी ओळ आधी हवी. डबा नंतर.

कुर्ल्याचा_पार्सलवाला

मी दुचाकीवर डिलिव्हरी करतो. आम्हाला टोल नाही, आणि रस्तापण नाही. सी लिंकवर बंदी, कोस्टल रोडवर बंदी, अटल सेतूवर बंदी, जेजे पुलावर बंदी. मॅप तरी म्हणतो 'पुलावरून जा'.

सॅटेलाइटवाल्यांनी एकदा मोहम्मद अली रोडवर यावं. वर जेजे पूल, खाली रस्ता. फोनला कळत नाही मी वर आहे की खाली. मी खाली सिग्नलला अडकलेलो, ॲपवर कस्टमरला दिसतं मी पुलावरून सुसाट निघालोय. मग त्याचा फोन, 'भाऊ कुठे थांबलात?' फ्रीवेखाली पी डिमेलो रोडला तेच. कुर्ल्याला लिंक रोडवर पुलावर पूल आहे, तिथे तर निळा ठिपका नाचतो.

वरच्या रस्त्याला टोल आणि खालच्याला नाही असं केलं, तर खालच्याचे पैसे कापणार का?

तिसरी_लेन

भाऊ, या धाग्यातला सगळ्यात अवघड तांत्रिक प्रश्न तुम्ही विचारलात.

जमिनीवरच्या जागेपेक्षा उंचीचा अंदाज उपग्रहावरून नेहमीच जास्त चुकतो. मुंबईत त्यात भर म्हणजे उंच इमारतींवर आपटून आलेला सिग्नल. डब्याला वाटतं उपग्रह लांब आहे, आणि तो तुम्हाला शेजारच्या गल्लीत नेऊन ठेवतो. मोकळ्या हायवेवर काही मीटरची चूक चालून जाते, भायखळ्यात तेवढ्यात तुम्ही दुसऱ्याच रस्त्यावर असता. कोस्टल रोडच्या दोन किलोमीटरच्या बोगद्यात आणि फ्रीवेच्या बोगद्यात तर सिग्नलच नाही, तिथे शेवटचा वेग आणि दिशा धरून अंदाज बांधायचा.

'नाविक' आलं की सगळं सुधारेल असंही वाचतो. इस्रोची ती प्रणाली सात उपग्रहांवर आखलेली, पण त्यांतल्या काहींची घड्याळं बिघडली. मे २०२३ मध्ये नव्या मालिकेतला पहिला उपग्रह गेला, जानेवारी २०२५ मधला दुसरा ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही. म्हणून आजचे डबे अमेरिकेचं जीपीएस, रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ आणि आपलं नाविक सगळे मिळून ऐकतात. ते ठीकच आहे. पण पुलावर की पुलाखाली या प्रश्नाला जास्त उपग्रह हे उत्तर नाही.

उत्तर आहे ते साधं. रॅम्पवर, म्हणजे जिथे वरचा आणि खालचा रस्ता वेगळा होतो तिथे, एक वाचणारं यंत्र उभं करायचं. म्हणजे पुन्हा कमान आलीच. शहरात उपग्रहापेक्षा कमानच बरी, असं माझं स्पष्ट मत आहे. सिंगापूरही नव्या पिढीचे ओबीयू नोव्हेंबर २०२३ पासून बसवू लागलं, तरी शुल्क अजून किलोमीटरवर नेलेलं नाही, ठरलेल्या जागांवरच कापतात. पैशांची वानवा नसलेलं, शिस्तीचं शहर. ते घाई करत नाहीत, आपण कशाला?

हिंजवडी_व्हाया_वाशी

कमानीवरून आठवलं. एक्स्प्रेस वेवर जुलै २०२४ पासून आयटीएमएस, म्हणजे कमानींवरच्या कॅमेऱ्यांनी वेग आणि लेन तपासणारी व्यवस्था, सुरू आहे. कारला सपाटीवर १०० आणि घाटात ६०. लोक अजून कमान दिसली की ब्रेक मारतात आणि पुढे परत पाय दाबतात. अरे बाबांनो, तो सरासरी वेग धरतो! एका कमानीखालून गेल्याची वेळ आणि पुढच्या कमानीची वेळ. दहा किलोमीटर पाच मिनिटांत आलात म्हणजे १२० ने आलात, मग कमानीखाली तुम्ही ४० ने गेला असलात तरी. दहाला सहा मिनिटं लागलीच पाहिजेत.

मला व्यवस्था आवडते. पहिल्या लेनमध्ये चिकटून बसणारे ट्रक थोडे तरी हलले. पण कारला एका बाजूचे ३२० रुपये घेता, वार्षिक पास चालत नाही म्हणता, आणि सुट्टीच्या शनिवारी खंडाळ्याला दोन तास उभं करता. तेव्हा सरासरी वेग मोजून पैसे परत का नाही देत? तंत्र तर तेच आहे.

न्हावाशेवा_ट्रान्सपोर्ट

@हिंजवडी, लाखात एक बोललात. वेग जास्त झाला तर चलान दहा मिनिटांत मोबाइलवर. वेग शून्य झाला तर कुणी विचारत नाही. जुलै २०२५ मध्ये वाहतूकदारांनी संप केला तो ई-चलानवरूनच. घाटात भरलेला ट्रेलर चढताना बाजूची लेन धरून दुसरा चढत असतो, मागचा तिसऱ्या लेनमध्ये ढकलला जातो, चलान त्याला. कॅमेऱ्याला चढण दिसत नाही.

माजी_रस्तेवाला

सरकारी रस्तेखात्यात आयुष्य गेलं, आता निवांत आहे. थोडं कडू लिहितो.

तुम्ही सगळे टोल आणि वेगाबद्दल बोलताय. या तंत्राचा शहरातला खरा उपयोग कोंडी-शुल्क हाच आहे. गर्दीच्या वेळी, गर्दीच्या भागात, एकट्याने गाडी आणणाऱ्याकडून जास्त घ्यायचं. सिंगापूरने १९७५ मध्ये काचेवर कागदी परवाना चिकटवून हे सुरू केलं, १९९८ पासून इलेक्ट्रॉनिक. लंडनने फेब्रुवारी २००३ मध्ये ५ पौंडांनी सुरुवात केली, उपग्रह नाही की टॅग नाही, फक्त नंबरप्लेटचे कॅमेरे. स्टॉकहोमने जानेवारी ते जुलै २००६ प्रयोग केला, शुल्काच्या रेषेवरची वाहतूक साधारण वीस टक्के घटली. मग जनमत घेतलं आणि २००७ मध्ये ते कायम केलं. आधी लोक विरोधात होते. रस्ते मोकळे झालेले बघितले आणि मत फिरलं.

आपल्याकडे पाच नाक्यांचा टोल गेला तो बरोबर याच वेळी, जेव्हा न थांबवता, वेळेप्रमाणे कमीजास्त शुल्क घ्यायची सोय हातात आली होती. पुलांच्या खर्चासाठी लावलेला टोल संपायलाच हवा होता, त्याबद्दल वाद नाही. हिशेब कधी नीट दाखवला नाही, लोक चिडले, रास्त आहे. पण रिकामी कार आणि भरलेली बस यांना रस्त्यावर सारखाच मान, ही स्थिती तशीच राहिली.

मुलुंडचा_बाळू

काका, आदर आहे, पण पुन्हा टोल लावा म्हणताय? आम्ही ठाण्याला घर घेतलं कारण मुंबईत परवडलं नाही. आता आत यायचेही पैसे? स्टॉकहोममध्ये सकाळी लोकलला लटकून जातात का लोक?

माजी_रस्तेवाला

बाळूभाऊ, लटकणाऱ्याकडून घ्या असं म्हणतच नाही, गाडीतून येणाऱ्याकडून घेऊन लटकणाऱ्याला द्या म्हणतोय. बेस्टच्या बसगाड्या कमी होत गेल्या, त्यांना पैसा कुठून येणार? शुल्काचा पैसा बसला जाईल हे कायद्याने बांधा. बांधणार नसाल तर लावूच नका, मीही तुमच्याबरोबर रस्त्यावर येईन.

अनघा_ऐरोली

'कायद्याने बांधा' 😀 काका, तुम्ही खात्यात होतात तरी इतके आशावादी?

कोल्हापूरचा_पुतण्या

आमच्याकडे शहरांतर्गत टोलचं काय झालं ते विसरू नका. माणसं रस्त्यावर उतरली, नाके पेटले, शेवटी सरकारला टोल बंद करावा लागला. तेव्हा मंत्री, अधिकारी सगळे म्हणत होते की करारच असा आहे. करार लोकांना विचारून केला होता का? २०१५ मध्ये राज्याने १२ नाके बंद केले आणि ५३ नाक्यांवर हलक्या गाड्या सोडल्या, तेही आंदोलनांच्या रेट्यानेच. उद्या मुंबईत कमानी लावाल. कमान पेटवणं बूथपेक्षा सोपं आहे, आत माणूस नसतो.

व्यवस्थापक

पेटवापेटवीची भाषा नको. पक्षीय राजकारणावर आलेले तीन प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी वेगळा धागा काढा.

डेटाची_भाजी

मी सिग्नलांच्या विश्लेषणाचं काम करते, म्हणून मोबाइलच्या बाजूने थोडं. मॅपवर जी लाल-केशरी रेघ दिसते ती आपल्याच फोनांच्या सरकण्याच्या वेगावरून काढलेली असते. हे अचूक असतं असं नाही. २०२० मध्ये बर्लिनमध्ये एका कलाकाराने ९९ फोन छोट्या हातगाडीत घालून रिकाम्या रस्त्यावरून ओढले, मॅपवर रस्ता लाल झाला. आपल्याकडे उलटी गंमत होते. दुचाकीवाले कोंडीतून फटीफटीने निघतात, त्यांना कारपासून वेगळं ओळखता आलं नाही तर रस्ता आहे त्यापेक्षा मोकळा वाटतो.

पण खरा अडथळा डेटाचा नाहीच. डेटा भरपूर आहे. चौकातला सिग्नल आपोआप वेळ बदलू शकतो आणि गर्दी झाली की हवालदार तो हातात घेतो. त्याला चूक म्हणणार नाही मी. त्याला समोर दिसतं की डावीकडे बस अर्धी वळून अडकलीय, पुढे मेट्रोचं बॅरिकेड आहे, आणि कुणीतरी डबल पार्किंग करून वडापाव घ्यायला उतरलाय. सिस्टिमला यातलं एकही माहीत नसतं. एका रस्त्यावर महापालिका खोदते, दुसरीकडे मेट्रोवाले, तिसरीकडे गॅसवाले. कोण कधी खोदणार हे एका नकाशावर रोज सकाळी टाका, उपग्रहापेक्षा जास्त फरक पडेल. बसगाड्यांचा ठावठिकाणा ॲपवर दिसायला लागला तेव्हा थांब्यावरच्या माणसाला जितका उपयोग झाला, तितका या कुठल्याही कमानीचा झालेला नाही.

तिसरी_लेन

खोदकामाच्या नकाशाला माझं दोन्ही हातांनी अनुमोदन.

माजी_रस्तेवाला काकांशी मी अर्धा सहमत. कोंडी-शुल्काला तंत्र तयार आहे, ते म्हणतात ते खरं. पण नंबरप्लेटवर चालणारं काही लावायचं तर आधी प्लेट वाचता आली पाहिजे. आपल्याकडे ४१४१ चं 'दादा' करून मिरवणारे कमी नाहीत. २०१९ च्या आधीच्या गाड्यांना नवी सुरक्षित प्लेट लावायची मुदत २०२५ भर पुढे पुढे ढकलली गेली. ज्या गाडीची प्लेट वाचता येत नाही ती फुकट, ज्याची नीट आहे त्याला बिल, असं झालं तर महिन्याभरात सगळ्यांच्या प्लेटांवर चिखल दिसेल.

दांडा नसलेल्या नाक्यांचा पहिला करार ऑगस्ट २०२५ मध्ये झाला, सुरतजवळच्या चोर्यासीसाठी. आपल्या जवळचा नमुना बघायचा तर अटल सेतू. जानेवारी २०२४ मध्ये सुरू होतानाच तिथे गाडी न थांबवता टोल घ्यायची सोय होती. तिथे अडचण तंत्राची नाही, २५० रुपयांची आहे. म्हणून तर लोक अजून वाशीवरून फिरून येतात.

नवीन_गाडी_२०२५

उशिरा आलो. एवढं वाचून माझा साधा प्रश्न. नवीन कार घेतलीय, टॅग अजून काचेला चिकटवलेला नाही, सॅटेलाइट येणार म्हणून थांबलो होतो. नाक्यावर हातात धरून दाखवतो. चालेल ना?

तिसरी_लेन

नाही चालणार. हातात धरलेला टॅग आढळला तर नाक्यावाल्यांनी लगेच कळवून तो ब्लॅकलिस्टमध्ये टाकायचा, असं धोरण महामार्ग प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये काढलंय. राज्याच्या नाक्यांवरही १ एप्रिल २०२५ पासून फास्टॅग सक्तीचा आहे, नाहीतर दुप्पट. उद्या दांडा गेला, कमान आली, तरी ती वाचणार हाच टॅग. तेव्हा थांबू नका.

आजच चिकटवा. काचेच्या आतून, मधल्या आरशाच्या मागे. काच धातूचा थर असलेली असेल तर टॅग वाचला जात नाही, अशा काचेत आरशाजवळ काळ्या ठिपक्यांची एक मोकळी जागा सोडलेली असते, तिथेच लावा. एकदा लावला की काढायचा नाही, काढला की आतली तार तुटते. आणि आरसीवरचा नंबर व टॅगवरचा नंबर एकच आहे ना ते बँकेच्या ॲपवर तपासा. शोरूममधून निघताना बहुतेक टॅग चेसिस नंबरवर दिलेला असतो, पक्का नंबर आला की तो स्वतः अपडेट करावा लागतो.

नवीन_गाडी_२०२५

चेसिस नंबरवरच आहे 🙏 करतो आज. अजून एक, पत्नीची जुनी गाडी विकली, पण तिचा टॅग त्या गाडीवर अजून चालू आहे, तो नव्या मालकाने वापरला तर?

न्हावाशेवा_ट्रान्सपोर्ट

पैसे तुमच्या खात्यातून जातील, दुसरं काय. बँकेला लेखी कळवून आज बंद करा, डिपॉझिट परत मागा आणि तक्रारीचा नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.